अटारीची परेड बघायला जाताय? मग नुसती बूट आपटाआपटी बघून येऊ नका

अमृतसरला जाणाऱ्या आपल्या लोकांचा प्लॅन ठरलेला असतो, सकाळी सुवर्णमंदिर, दुपारी छोले-कुलचे आणि संध्याकाळी वाघा बॉर्डरवर झेंडे उतरवण्याची परेड. तर पहिलं म्हणजे वाघा हे गाव पलीकडे आहे, आपल्या बाजूचं गाव अटारी. रिक्षावाल्याला काहीही सांगा, तो अटारीलाच नेणार, तेवढीच सोय. मुंबईहून गोल्डन टेम्पल मेल थेट अमृतसरला जाते, नांदेडकरांना तर सचखंड एक्सप्रेस घरची गाडी.

अमृतसरपासून अटारी साधारण 30 किमी. एंट्री फुकट आहे, त्यामुळे "स्पेशल पास काढून देतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) वेबसाइटवर आधी नाव नोंदवता येतं, ते करा. आधार कार्ड खिशात ठेवा आणि बॅग हॉटेलवरच सोडा, बॅगा आत नेऊ देत नाहीत आणि मग बाहेर ठेवायला जागा शोधत फिरण्यात अर्धा तास जातो (आमचा गेला). परेड सूर्यास्ताच्या हिशोबाने असते म्हणजे थंडीत लवकर, उन्हाळ्यात सहाच्या पुढे, तर त्या दिवसाची वेळ सकाळीच हॉटेलवर विचारून घ्या आणि दोन तास आधी पोचा. पार्किंगपासून चांगलं चालावं लागतं, आजी-आजोबा बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवा नाहीतर परेडपेक्षा मोठी लढाई घरच्यांशी होते. आणि टोपी हवीच. पाकिस्तान पश्चिमेला, त्यामुळे गेटकडे बघायचं म्हणजे ऊन थेट डोळ्यात.

बसायला मिळालं की गेटच्या जितकं जवळ सरकता येईल तितकं सरका, कारण दोन्ही देशांचं कसं चाललंय याची खरी बातमी तिथे असते.

ही परेड 1959 पासून चालू आहे, म्हणजे बीएसएफ 1965 साली स्थापन व्हायच्याही आधीपासून. पाय डोक्यापर्यंत उचलणं, मिशा पिळणं, डोळे वटारणं हे सगळे बघतात, व्हिडिओ पण त्याचेच निघतात. तुम्ही गेट बघा. एरवी काय व्हायचं की गेट उघडायचं, दोन्हीकडचे जवान समोरासमोर यायचे, सगळा राग काढून झाला की शेवटी एक झटक्यात हात मिळवायचे आणि गेट बंद. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये आपण गेट उघडणं आणि हात मिळवणं दोन्ही थांबवलं. मे महिन्यात मधे काही दिवस परेड लोकांसाठी बंद होती, परत सुरू झाली ती बंद गेटाआडूनच. आणि मग सप्टेंबरमध्ये दुबईला आशिया कपात आपल्या सूर्यकुमारने टॉसला पाकिस्तानच्या कॅप्टनशी हात मिळवला नाही तेव्हा टीव्हीवर केवढी चर्चा, पण अटारीची परेड बघितलेल्यांना त्यात नवीन काय होतं? हात तर एप्रिलपासूनच मिळत नव्हते, क्रिकेटमध्ये ते जवळपास पाच महिन्यांनी दिसलं इतकंच.

उलटंही झालंय बरं का, संबंध बरे असताना लोक याच वाटेने ये-जा करायचे. 2005 च्या मोहाली टेस्टला पाकिस्तानी प्रेक्षक याच रस्त्याने आले होते, 2023 मध्ये क्रिकेट बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉजर बिन्नी आणि उपाध्यक्ष राजीव शुक्ला इथूनच लाहोरला गेले, आणि 1999 ला वाजपेयींची बस पण याच गेटातून. त्यानंतर कारगिल, असो.

आता झेंडे. दोन्ही झेंडे एकाच वेळी, एकाच वेगाने खाली येतात, कुणाचाच दुसऱ्याच्या वर राहत नाही. हे जमायला दोघांना एकमेकांचा ठेका सांभाळावा लागतो, आणि तो भांडणातही चालू राहिला. मला अख्ख्या परेडमध्ये हे सगळ्यात भारी वाटतं. मागे उभा असलेला मोठा झेंडा मात्र वेगळं प्रकरण आहे, 2017 मध्ये आपण 360 फुटांचा लावला, त्यांनी त्याच वर्षी 400 चा, मग 2023 ला गडकरींनी 418 फुटांच्या खांबाचं उद्घाटन केलं. शेजारच्याने दोन मजले चढवले की आपण तीन, अगदी सोसायटीसारखं.

जाता-येता रस्त्यावर ट्रक दिसतात का तेही बघा. इथलं मोठं चेकपोस्ट 2012 ला सुरू झालं, तिकडून सिमेंट, जिप्सम, खारीक यायची. 2019 मध्ये पुलवामानंतर आपण पाकिस्तानी मालावर 200 टक्के ड्युटी लावली, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला, दोन देशांमधली समझौता एक्सप्रेस रेल्वेही तेव्हाच बंद पडली. त्यानंतर मुख्यतः अफगाणिस्तानचा सुका मेवा यायचा, एप्रिल 2025 ला चेकपोस्टच बंद केलं. आपल्याकडे उपासाला जे शेंदेलोण लागतं ते बरंचसं पलीकडच्या खेवड्याच्या खाणीतलं असायचं, आता वाण्याला विचारा कुठून येतं ते. सगळ्यात जास्त फटका मात्र अटारीच्या हमालांना बसला, त्यांचं पोट त्या ट्रकांवर होतं.

गेट आणि ट्रकनंतर तिसरी खूण मिठाईची. एरवी दिवाळी, ईद, 15 ऑगस्टला दोन्हीकडचे जवान एकमेकांना मिठाईचे डबे देतात, संबंध बिघडले की पहिले डबे बंद. सणाच्या दिवशी जाणार असाल तर डबे दिले जातात का ते आवर्जून बघा.

एक दिवस जास्त असेल तर माझं ऐका आणि फिरोजपूरजवळ हुसैनीवालाला जा. तिथेही अशीच परेड होते पण गर्दी कमी, दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांचे चेहरे बघू शकतील इतके जवळ. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांची समाधी तिथेच आहे. ती जागा फाळणीत पलीकडे गेली होती, 1961 मध्ये सतलजवरच्या सुलेमानकी बंधाऱ्याजवळची (हेडवर्क्स) 12 गावं देऊन भारताने ती परत घेतली. 23 मार्चला तिथे मेळा भरतो. अमृतसरहून टॅक्सीने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, सकाळी निघा, समाधी आधी बघा आणि मग परेडला बसा, कारण परेड संपली की अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढतात.