मन, शरीर आणि आत्मा: तीन रकान्यांची वही

ऑपरेशनच्या टेबलावर मला आधी कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. मग उताणं झोपवलं. थोड्या वेळाने मी म्हणाले, “पाय सोडा ना जरा खाली, अवघडलेत.” भूलतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या, “सरळच आहेत. बघा.” मधला पडदा अजून लावायचा होता. मान उचलून पाहिलं तर दोन्ही पाय टेबलावर सरळ पसरलेले, आणि मला मात्र ते पोटाशी दुमडलेले जाणवत होते. भूल चढताना पाय जसे असतात तसेच पुढे वाटत राहतात, बऱ्याच जणांना होतं असं, एवढं सांगून बाई कामाला लागल्या. मी तिथेच अडकले. टेबलावरचे पाय शरीराचे, हे कबूल. मग दुमडलेले कुणाचे?

मी मुद्रितशोधक. 27 वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या. तत्त्वज्ञानाची पुस्तकंही हाताखालून गेली. त्यांत एका पानावर मन, पुढच्या पानावर चित्त, मग अंतःकरण आणि शेवटी आत्मा येतो, आणि लेखक समजतो की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. म्हणून या प्रश्नाला हात घालायची माझी रीत धंद्यातलीच आहे: आधी शब्द तपासायचे. तुम्हालाही करता येईल.

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: शरीर, मन, आत्मा. आठवडाभर आपल्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी उतरवा आणि ज्याच्या त्याच्या रकान्यात टाका. भाषा सुधारायची नाही. ‘पाठ धरलीय’ सोपं, ‘मन लागत नाही’ त्याहून सोपं. मग येतं ‘जिवावर आलंय’. हा जीव कुठे टाकणार? जीव जातो तेव्हा तो प्राण असतो, जीव लावतो तेव्हा माया, जीव घाबरा होतो तेव्हा मन आणि छातीतली धडधड दोन्ही. मराठीतला हा गडी बरोबर रेघेवर बसतो. त्याला कोंबू नका, चौथा रकाना आखा. ‘अंगावर काटा आला’ हेही असंच: काटा कातडीवर, पण तो आणला कुणी? आत्म्याचा रकाना बहुधा ओस पडेल. माझ्या पहिल्या आठवड्यात तिथे एकच वाक्य होतं, ‘आत्मा तृप्त झाला’, आणि तेही जेवून उठल्यावरचं.

इथे एक सापळा आहे. ‘आपण माझं शरीर म्हणतो, माझं मन म्हणतो, म्हणजे मी त्यांचा मालक, त्यांच्याहून वेगळा’ हा युक्तिवाद तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेला असणार. त्याला भुलू नका. ‘माझा आत्मा’ असंही आपण म्हणतोच, मग आत्म्याचा मालक कोण? षष्ठी लागली की दोन वस्तू सिद्ध होत नाहीत. जुन्या शास्त्रकारांनी यासाठी फक्कड उदाहरण देऊन ठेवलंय: ‘राहूचं डोकं’. राहू म्हणजे नुसतं डोकंच, तरी आपण ‘चं’ लावतो. वहीत जिथे जिथे ‘माझं’ आलंय तिथे समासात ‘राहू’ लिहा. माझ्या पहिल्या दोन पानांवर असे अकरा राहू निघाले.

आता मुख्य काम: जाड रेघ कुठे मारायची? बहुतेक जण न विचारता ती शरीर आणि मन यांच्यामध्ये मारतात. ही फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची रेघ. 1641 साली त्याने मांडलं की शरीराचा गुण जागा व्यापणं आणि मनाचा गुण विचार करणं. मन आणि आत्मा त्याच्या लेखी एकच. सांख्य या जुन्या भारतीय दर्शनाची रेघ मात्र एक रकाना पलीकडे पडते. त्यांच्या पंचवीस तत्त्वांत चोवीस प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या बाजूला आणि त्यांत मन, बुद्धी, अहंकार सगळे शरीराच्याच पंगतीला. मन तर अकरावं इंद्रिय. पलीकडे एकटा पुरुष, म्हणजे आपल्या रकान्यातला आत्मा, आणि तो काही करत नाही, फक्त पाहतो.

हा फरक किरकोळ वाटत असेल तर माझे पाय घ्या. देकार्तच्या रेघेने सरळ पाय शरीराकडे आणि दुमडलेले मनाकडे जातात, मधोमध फाळणी. सांख्यांच्या रेघेने दोन्ही जोड्या अलीकडेच राहतात, कारण दोन्ही दिसणाऱ्या, जाणवणाऱ्या गोष्टी आहेत. पलीकडे उरतं ते फक्त त्या दोन्हींना जाणणारं. म्हणून ‘मन आणि शरीराचा संबंध काय’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुमची रेघ कुठली?

रेघ मारली की तिला दुखेल असा प्रश्न विचारायचा. देकार्तला तो 1643 साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्रातून विचारला, चोविसाव्या वर्षी: जे जागाच व्यापत नाही, ते शरीराला ढकलणार कसं? ढकलायला स्पर्श लागतो. त्याने उत्तरं दिली, तिला ती पटली नाहीत. एका उत्तरात तर तो म्हणतो की मन आणि शरीराची एकी चिंतनाने कळत नाही, रोजच्या जगण्यातून आणि साध्या बोलण्याचालण्यातून कळते. चिंतनावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावं! (माझ्या वहीला एवढा मोठा पाठिंबा मिळेल असं वाटलं नव्हतं.)

सांख्यांना विचारा: पुरुष काहीच करत नसेल तर तो अडकला कसा, आणि सुटायचं कुणी? आत्मा न मानणारे चार्वाक म्हणतात, घटक आंबवले की त्यांत नशा उतरते, तशी महाभूतं एकत्र आली की जाणीव उतरते, वेगळा आत्मा कशाला हवा. त्यांना विचारा: नशा बाहेरून मोजता येईल, पण माझी कळ मला आतून जशी लागते ती मोजणाऱ्याच्या हाती कशी लागेल? आणि रथ विसरू नका. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा आत बसलेला रथी. बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजापुढे तोच रथ सुटा करून दाखवतो: चाक रथ नाही, आस रथ नाही, मग रथ हे नुसतं नाव. रथ तोच, एकात बसायला कुणीतरी आहे आणि दुसऱ्यात रथच नाही. मी या दोघांपाशी सगळ्यात जास्त वेळ काढला आणि अजून काढते.

प्रयोग एकच सांगते, पाच मिनिटांचा. डोळे मिटून बसा. गुडघ्यातली ठसठस जाणवली की ‘हे दिसतंय’ म्हणा. कंटाळा आला, त्यालाही ‘हे दिसतंय’. ‘मी किती छान पाहतोय’ असं वाटलं की त्यालाही. एकेक गोष्ट दिसणाऱ्यांच्या बाजूला सरकते आणि पाहणारा काही हाती लागत नाही. यावरून आत्मा सिद्ध झाला म्हणणारे घाई करतात, आणि नाहीच म्हणणारेही तितकीच घाई करतात. डोळ्याला डोळा दिसत नाही, म्हणून डोळा नाही असं होत नाही. पण न दिसणारी प्रत्येक गोष्ट असतेच, असंही होत नाही. ताप असताना किंवा मन फार खचलेलं असताना हा प्रयोग करू नका. तेव्हा डॉक्टर गाठा.

वही पेन्सिलीने लिहा. ‘माझे पाय पोटाशी आहेत’ हे वाक्य मी आतापर्यंत चारदा हलवलंय: आधी शरीरात होतं, मग मनात, मग रेघेच्या अलीकडे सगळ्यांसोबत, मध्ये काही दिवस जिवाच्या रकान्यातसुद्धा. सध्या ते समासात आहे, शेजारी प्रश्नचिन्ह.