भरीव आकृत्या काढायच्या आहेत? लायब्ररी निवडताना या चुका टाळा

इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल. संगणकाच्या पडद्यावर आणायचं एवढंच असतं आणि दोन दिवस नुसती लायब्ररी, म्हणजे आकृत्या काढणारा तयार कोडचा संच, बसवण्यात जातात. बहुतेक वेळा गडबड कोडमध्ये नसते, निवडीतच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकृती कशासाठी हवी हे न ठरवता लायब्ररी उचलणं. थ्री जेएस (वेब ब्राउझरसाठीची) किंवा रेलिब (गेमसाठीची) या लायब्रऱ्यांच्या लेखी घनाकृती म्हणजे त्रिकोणांचं कवच, आत पोकळ. दाखवायला, फिरवायला तेवढं पुरतं. पण ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं असेल, तो थ्रीडी प्रिंटरला पाठवायचा असेल, तर ओपनएससीएडी किंवा पायथॉनमधलं कॅडक्वेरी घ्या. एका घनाकृतीतून दुसरी वजा करणं ही तिथली मूळ क्रिया आहे. (ओपनएससीएडीत भोकाची वृत्तचिती ठोकळ्याइतकीच उंच ठेवू नका, दोन्ही बाजूंनी जराशी बाहेर काढा. पृष्ठभाग तंतोतंत जुळले की भोकाच्या तोंडावर पातळ पापुद्रा लुकलुकत राहतो.)

जुन्या धड्यांचा मोहही टाळा. ग्लट या ओपनजीएलच्या जुन्या मदतनीस लायब्ररीत एका ओळीत भरीव गोल येतो, चहाची किटलीसुद्धा येते. पण त्या धड्यांतली ओपनजीएलची (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणाऱ्या प्रणालीची) पद्धत 2008 साली 3.0 आवृत्तीतच कालबाह्य ठरवली गेली आणि ॲपलने 2018 मध्ये मॅकवर ओपनजीएललाच तो शिक्का मारला. शिकण्यापुरतं ठीक, नव्या कामाचा पाया त्यावर घालू नये, असं माझं ठाम मत आहे. अगदी नवख्या माणसाला मी पायथॉनमधलं व्हीपायथॉन सुचवेन. आकृतीचं नाव लिहा, प्रकाश आणि कॅमेरा आपोआप येतात, माउसने फिरवताही येतं.

पायथॉनमधलं मॅटप्लॉटलिब हाताशी असतं म्हणून त्यातच घनाकृती काढणारे खूप. ते आलेखांसाठी आहे. त्यात खरा डेप्थ बफर (प्रत्येक बिंदू किती खोल आहे याची नोंद) नसल्यामुळे दोन आकृत्या एकमेकींत घुसल्या की मागची पुढे दिसू लागते. गोल अंड्यासारखा दिसत असेल तर अक्षांची प्रमाणं सारखी करा, 3.6 आवृत्तीपासून त्रिमितीतही ती सोय आहे.

लायब्ररी बरोबर निवडली, तरी काहीच दिसत नाही? थ्री जेएसमध्ये कॅमेरा आणि घन दोन्ही सुरुवातीला आरंभबिंदूवर असतात. म्हणजे कॅमेरा घनाच्या पोटात, आणि आतून पृष्ठं काढलीच जात नाहीत. कॅमेरा झेड अक्षावर 5 एककं मागे घ्या. आकृती काळी ठिक्कर दिसत असेल तर प्रकाश टाकायचा राहिलाय. घन सपाट षटकोनासारखा दिसत असेल तर बेसिक मटेरियल (पृष्ठभागाचा सर्वांत साधा प्रकार) वापरलंय. त्याच्यावर प्रकाशाचा काही परिणाम होत नाही.

ओपनजीएलमध्ये मागची बाजू पुढे आली तर तीन जागा तपासा: विंडो बनवताना डेप्थ बफर मागितलाय का, डेप्थ टेस्ट सुरू आहे का, आणि प्रत्येक फ्रेमला रंगासोबत डेप्थही पुसली जाते का. कॅमेऱ्याची जवळची मर्यादा (किती अंतरापासून पुढचं दिसावं ती) 0 ठेवली तरीही हाच घोळ होतो.

एका लायब्ररीतला कोड दुसरीत नेताना मात्र जपून. ओपनएससीएडीचा घन कोपऱ्यापासून मोजला जातो, थ्री जेएसचा मध्यापासून. पहिल्यात वृत्तचिती झेड अक्षावर उभी राहते, दुसऱ्यात वाय अक्षावर. प्रोसेसिंग या चित्रं काढण्याच्या प्रोग्रॅमिंग साधनात तर वाय अक्ष खाली जातो. म्हणून चाचणीला घन घेऊ नका, त्यात अक्षांची अदलाबदल कळतच नाही. 1, 2, 3 अशा वेगवेगळ्या बाजूंची इष्टिकाचिती आरंभबिंदूवर काढून बघा.