प्राथमिक शाळेत संगणक आणि ऑनलाइन सुरक्षितता एकाच तासाला कशी शिकवावी

वर्षातून एकदा पाहुणे बोलावून सायबर सुरक्षेवर भाषण ठेवले, की तिसरी-चौथीची मुले टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी आईच्या फोनवर गेममधले हिरे फुकट देऊ म्हणणारी ‘फ्री डायमंड’ची लिंक उघडतात. या वयात सवय हाताला लावावी लागते. फाइलला नाव देताना नावातला धोका सांगायचा, लॉगिन करताना पासवर्डचा आणि फोटो पाठवताना फोटोचा. त्यासाठी वेगळा तास नको.

आधी बसण्याचे गणित

वर्गात ४० मुले, १० संगणक आणि आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास धरू. एका संगणकावर चौघे बसवले तर माउस एकाच्याच मुठीत राहतो. त्यापेक्षा २० मुले जोडीजोडीने संगणकावर आणि २० व्हरांड्यात फरशीवरच्या खेळाला ठेवा, १५ मिनिटांनी अदलाबदल करा. उरलेली ५ मिनिटे ये-जा करण्यात जातात. ती हिशेबात धरली नाहीत तर दुसऱ्या गटाच्या वाट्याला जेमतेम दहा येतात. व्हरांड्यात दुसऱ्या बाई किंवा एखादे पालक हवेतच.

जोडीतला एक ‘हात’, दुसरा ‘डोळे’. डोळ्यांनी फक्त सांगायचे, माउसला शिवायचे नाही. सात मिनिटांनी भूमिका बदला, नाहीतर हुशार मूल वर्षभर हातच राहते.

मॉनिटर भिंतीलगत असे लावा, की खोलीच्या मधोमध उभे राहिले तरी सगळे पडदे दिसावेत. मुलांचे खाते साधे ठेवा, अॅडमिनचा पासवर्ड शिक्षकांकडेच. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ आणि १.०.०.३ असे घातले, तर प्रौढांसाठीच्या आणि घातक म्हणून माहीत असलेल्या साइट बऱ्याच अंशी अडतात. ही सोय मोफत आहे. मात्र नेट गेले म्हणून कोणी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, की ही चाळणी राउटरपाशीच राहते. तसे पाहता पहिले दोन महिने मुलांना नेट लागतच नाही.

फरशीवरचा प्रोग्राम

व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर उत्तम, नसेल तर खडूने ५ बाय ५ चौकोन आखा. एका कोपऱ्यात शनिवारवाडा, समोरच्या कोपऱ्यात तुळशीबाग, मध्ये चार-पाच चौकोनांवर फुली मारून खड्डे. (खड्डे का, हे पुण्यातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.) एक मूल रोबो होते. आज्ञा तीनच: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. दुसऱ्याने अख्खी यादी आधी कागदावर लिहायची, मग तिसऱ्याने ती एकेक करून वाचायची. चालू असताना दुरुस्ती नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. ‘डावीकडे वळ’ म्हटले की रोबो वळून एक पाऊलही टाकतो. वळणे म्हणजे जागच्या जागी, हे आधी करून दाखवा. दुसरी चूक म्हणजे समोर उभे राहून लिहिणारे मूल स्वतःची डावी बाजू धरते. रोबोच्या डाव्या मनगटाला लाल रिबन बांधा, गोंधळ निम्मा कमी होतो.

रोबो खड्ड्यात गेला की मुले कागद चुरगाळून नव्याने लिहू लागतात. ते करू देऊ नका. कितव्या ओळीवर बिघडले ते बोट ठेवून शोधायला लावा आणि तेवढीच ओळ बदला. सगळ्या खेळातला खरा धडा हाच आहे. हे जमले की ‘पुढे, पुढे, पुढे’च्या जागी ‘३ वेळा: पुढे’ लिहायला सांगा.

पडद्यावर

पहिली-दुसरीला माउस आणि चित्रकला पुरे. तिसरीपासून स्क्रॅच घ्या, म्हणजे आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून पडद्यावरच्या मांजराला हलवायचा प्रोग्राम. त्याची ऑफलाइन आवृत्ती मोफत आहे. तिला ना खाते लागते, ना नेट. फरशीवरचाच रस्ता मांजराला चालायला लावा. मांजर वळताना उलटे झाले तर फिरण्याची पद्धत डावी-उजवी करा. हिरवा झेंडा दुसऱ्यांदा दाबल्यावर मांजर भलतीकडून निघते, कारण ते मागच्या वेळी थांबले तिथेच असते. सुरुवातीला एक्स शून्य, वाय शून्यवर, म्हणजे पडद्याच्या मध्यावर, जाण्याचा ठोकळा लावा.

मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर शिकवा. ‘पुणे’ म्हणजे एच, जी, शिफ्टसह सी, मग एस. वहीत पहिली वेलांटी आधी काढायची सवय असते. तसेच टाइप केले तर ठिपक्यांचे वर्तुळ येते. अक्षर आधी, वेलांटी नंतर.

फाइल साठवताना नाव ‘३ब-१७-मांजर’ असे द्या. आडनाव, शाळा, पत्ता का नको, हे त्याच मिनिटाला बोला. पुढच्या तासाला एक काल्पनिक चित्र द्या: गणवेश, बिल्ला, व्हॅनचा नंबर, मागे सोसायटीची पाटी. अनोळखी माणसाला यावरून काय काय कळेल, ते मुलांनाच शोधू द्या.

फोन आणि ओटीपी

लहान मुले पासवर्ड चोराला देत नाहीत, जिवलग मैत्रिणीला देतात. म्हणून ‘कोणालाही’ म्हणजे मैत्रीणसुद्धा, हे स्पष्ट म्हणा. असंबंधित तीन शब्द जोडून पासवर्ड करायला लावा. सरावातला पासवर्ड घरी वापरायचा नाही.

ओटीपीसाठी नाटुकलेच करा. बाई फोन करतात: “बाळा, आईच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर वाच पटकन, नाहीतर आज रात्री तुमची लाइट कापतील.” मुलाने एवढेच म्हणायचे: “थांबा, आईला देतो.” समोरचा ओरडला, लाडीगोडी केली, बक्षीस देऊ म्हणाला, तरी तेच वाक्य. घाई करणारा फोन म्हणजे गडबड, हे मुलांच्या डोक्यात बसते. पैसे मिळायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पाचवीपर्यंत पाठ हवे.

वाईट काही दिसले तर बोट काढायचे, पुसून टाकायचे नाही, मोठ्यांना दाखवायचे. पालकसभेत एकच आग्रह धरा: मुलाने सांगितले म्हणून फोन हिसकावू नका. तसे एकदा झाले की पुढच्या वेळी ते लपवते. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपची किमान वयोमर्यादा १३ आहे, हेही तिथेच सांगा. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३०वर फोन, मूल संकटात असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला १०९८वर.

मुलाचे अश्लील चित्र फिरत असल्याचे कळले, तर शिक्षकांनी ते पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नये, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याखाली ते बाळगणे-पाठवणे गुन्हा ठरू शकतो आणि कळवणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगून थेट पोलिसांकडे जा.

सत्राच्या शेवटी लेखी परीक्षा घेऊ नका. गणिताच्या तासाला, न सांगता, तोच फोन पुन्हा करा. या वेळी आवाज दुसऱ्या शिक्षकांचा असू द्या.