जेसन वाचण्याआधी टाइप ठरवा

जेसनमधून (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवताना वापरतात तो मजकुराचा साचा) ऑब्जेक्ट बनवायचा म्हटलं की मी लगेच कोड लिहायला घेत नाही. सर्व्हरकडून खरं आलेलं एक उत्तर समोर ठेवून प्रत्येक फील्डचा टाइप (मजकूर, संख्या, यादी वगैरे) आधी वहीत उतरवतो: कुठलं कायम येतं, कुठलं गाळलं जाऊ शकतं, कुठे नल, म्हणजे 'किंमत नाही' असं सांगणारी खूण, येतो. फील्ड नसणं आणि ते नल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणारी भाषा) पार्स केलेल्या, म्हणजे मजकुरातून वाचून घेतलेल्या डेटापुढे 'ॲज ऑर्डर' (हा डेटा 'ऑर्डर' टाइपचा समज) लिहिलं की कंपायलर गप्प बसतो, पण प्रोग्राम चालताना काहीच तपासलं जात नाही. म्हणून झॉडसारख्या, डेटा चालताना तपासणाऱ्या लायब्ररीत स्कीमा, म्हणजे डेटा कसा असावा याचं वर्णन, लिहा आणि टाइप त्यातूनच काढा.

आयडीला मात्र फार जपा. माझ्या एका कामात ९००७१९९२५४७४०९९३ हा आयडी पार्स झाल्यावर शेवटच्या ३ चा २ झाला, आणि मी दोन दिवस डेटाबेसच धुंडाळत बसलो. जावास्क्रिप्टचा नंबर २ च्या ५३ व्या घातापर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके धरतो. असे आयडी सर्व्हरकडूनच स्ट्रिंग म्हणून मागून घ्या. पार्स करताना बदललेला मूळ अंक नंतर स्कीमालाही परत मिळवता येत नाही.

तारखेसाठी जेसनमध्ये वेगळा टाइपच नाही. ती बहुधा स्ट्रिंग म्हणून येते, तिथल्या तिथे डेट करून घ्या.