वासुदेव गायतोंडे यांच्यावर टिपण कसे लिहावे

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून चित्रकार गायतोंडे यांच्यावर टिपण लिहायला घेतलेत, तर आरंभी वहीच्या समासात मोजकीच वर्षे नोंदवावीत: 1924 मध्ये नागपुरात जन्म, 1948 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका, 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, 1971 मध्ये पद्मश्री आणि 2001 मध्ये निधन. पुरस्कारांवर याहून अधिक शाई खर्चू नये. खरा ऐवज त्यांच्या कामाच्या रीतीत आहे.

ते रंग रोलरने पसरत, पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या पातळ सुरीने, खरवडत आणि वर्तमानपत्राचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून आकार उमटवत. हे शब्दांत नेमके उतरावे म्हणून घरी एकदा करूनच पाहावे: जाड कागदावर गेरूचा पातळ थर द्यावा, वाळल्यावर वर पिवळा चढवावा, तो ओला असतानाच वर्तमानपत्राचा तुकडा हलकेच दाबून उचलावा आणि खालचा गेरू कुठे कुठे डोकावतो ते टिपून ठेवावे. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे, म्हणून तो शब्द विचारपूर्वकच वापरावा.