फर्निचर शिकताय? मग निदान या चुका तरी टाळा

कॉलेजात फर्निचर डिझाइन शिकवायला लागल्यापासून एक कळलंय : मुलं दरवर्षी नवी येतात, चुका त्याच घेऊन येतात.

माझी सगळ्यात ‘लाडकी’ चूक म्हणजे भरीव सागाचा टॉप लोखंडी फ्रेमवर चारी बाजूंनी स्क्रूनं आवळून टाकणं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं, आकसतं. साग त्यातल्या त्यात शांत स्वभावाचा. तरी 600 मिमी रुंदीचा टॉप पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चार-पाच मिमी सहज हलतो. लोखंडी फ्रेम मात्र जिथल्या तिथे.

पुण्यात एका विद्यार्थिनीनं ऑगस्टात डायनिंग टेबल करायला घेतलं. वखारीतून आलेल्या फळ्या त्याच आठवड्यात रंधल्या, जोडल्या, पॉलिशही झालं. आमचे मिस्त्री म्हणाले, “ताई, थोडं थांबा. आणि फ्रेमची भोकं तरी लांबट करा.” ताईंचं सबमिशन होतं. टेबल देखणं झालं, कबूल. एप्रिलमध्ये प्रदर्शनाच्या आदल्या रात्री वॉचमनचा फोन आला : “सर, हॉलमध्ये कायतरी फुटलं.” सकाळी पाहतो तर टॉपला हातभर चीर, पोस्टकार्ड सरकेल एवढी रुंद. जोड शाबूत होता, फाटलं होतं ते शेजारचं लाकूड. म्हणजे गोंदानं आपलं काम चोख केलं होतं.

त्यावर तिचा प्रश्न : “सर, नाकाशिमासारखी फुलपाखराच्या आकाराची किल्ली बसवू?” म्हणजे चिरेवर आडवा बसवलेला, चीर धरून ठेवणारा लाकडाचा तुकडा. जॉर्ज नाकाशिमा हे लाकडी फर्निचर करणारे जपानी-अमेरिकी डिझायनर. 1964 मध्ये ते अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत काम करून गेले. तेव्हापासून आपल्याकडे त्यांचं नाव घेतलं की चीरसुद्धा डिझाइन ठरते. पण तो माणूस फळ्या वर्षानुवर्षं वाळवत ठेवायचा, हे कुणी सांगत नाही. किल्ली बसवूनही स्क्रू आवळलेलेच राहिले असते, आणि टॉप दुसरीकडे कुठेतरी फाटला असता.

माझी सवय सांगतो. फळी आली की तिच्या टोकाला पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहायचं. दर सोमवारी बॅगा तोलायच्या काट्यावर पुन्हा वजन. लागोपाठ तीन सोमवार आकडा हलला नाही, की मगच रंधा. (कॉलेजात लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर आहे. त्याची बॅटरी कायम संपलेली असते.) फ्रेमवर बसवताना मधले स्क्रू घट्ट, बाकीची भोकं लाकडाच्या रेषांना आडवी, लांबट. वॉशर घालायचा आणि जास्त पिळायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे रेंडरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या हुबेहूब चित्रावर विश्वास. एकानं हातांची खुर्ची आणि टेबल असा सेट केला. स्क्रीनवर खुर्ची टेबलापासून फूटभर लांब, सावलीसकट, एकदम मासिकातल्यासारखी. प्रत्यक्षात टॉपखालची पट्टी जमिनीपासून 650 मिमीवर आणि खुर्चीचे हात 670 वर. खुर्ची आत जाईचना. जेवणाऱ्याचं ताट एकीकडे, तो दुसरीकडे. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, पूर्ण मापाचा सांगाडा करा, त्यावर आईला बसवा. ‘वेळ नाही’ म्हणणारी हीच मुलं मटेरियल बदलून बदलून रात्रभर रेंडर करत असतात.

बाकीच्या चुका पटापट.

18 मिमी प्लाय बहुतेक वेळा 18 भरत नाही. वर्निअरनं मोजा, मगच खाच पाडा.

प्लायच्या कडेत आधी भोक न पाडता स्क्रू घुसवला तर थर सुटणारच.

एकाच बाजूला लॅमिनेट लावलेलं दार वाकतं. मागच्या बाजूलाही स्वस्तातला का होईना, लायनर (पातळ लॅमिनेट) लावा.

भर पावसात लॅकर मारू नका, पांढुरकं पडतं. ड्रायर फिरवूनही उपयोग नाही, करून झालंय.

खुर्ची विणायचा वेत हातात नसताना वेताची भोकं पाडू नका.

बोथट पटाशीला जोर लावू नका. धार लावायला दहा मिनिटं लागतात, बोटाला टाके घालायला त्याहून जास्त.

त्या टेबलाचं विचाराल तर ते अजून आमच्या वर्कशॉपमध्येच आहे, स्क्रू तसेच आवळलेले. नवी बॅच आली की मी खिशातून पोस्टकार्ड काढतो. जुलैत ते चिरेत शिरत नाही. एप्रिलमध्ये पुन्हा आरामात जातं.