दुखापतग्रस्त, मुरलेला क्वार्टरबॅक ट्रेड करावा का: निर्णय तपासण्याची रीत

एनएफएलमधील (अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील) एखाद्या संघाचा पस्तिशीतला नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, जायबंदी झाला की त्या संघाच्या चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असते की या माणसाने आपल्याला इथवर आणले, तेव्हा तो बरा होईपर्यंत थांबले पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे असते की दोन पैसे मिळत आहेत तोवर मोकळे व्हावे. दोन्ही बाजू त्या खेळाडूविषयीच बोलत राहतात आणि घोळ तिथेच होतो. ट्रेड करावा, म्हणजे मोबदला घेऊन त्याला दुसऱ्या संघाकडे द्यावे की नाही, हे त्याच्या खांद्यापेक्षा किंवा घोट्यापेक्षा त्याचा करार आणि बाकावर बसलेला दुसरा क्वार्टरबॅक अधिक ठरवतात. म्हणून तपासणीची सुरुवात वैद्यकीय अहवालापासून न करता बाकापासून करावी, असे माझे मत आहे.

बाकाचा विचार कसा करावा, याचा सर्वांत स्वच्छ दाखला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा आहे. चार सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून देणारा जो मोंटाना उजव्या कोपराच्या दुखापतीमुळे १९९१ चा संपूर्ण मोसम आणि १९९२ चा जवळजवळ सारा मोसम मैदानाबाहेर होता. त्या काळात स्टीव्ह यंगने संघ नुसता सांभाळला नाही, तर १९९२ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २८ डिसेंबर १९९२ च्या रात्री डेट्रॉइट लायन्सविरुद्ध उत्तरार्धात मोंटाना अखेर मैदानात उतरला; २१ पैकी १५ पास अचूक, १२६ यार्ड आणि दोन टचडाउन. अशा एका अर्ध्या सामन्यावरून निर्णय घेण्याचा मोह कोणालाही व्हावा, आणि झालाही: एप्रिल १९९३ मध्ये प्रशिक्षक जॉर्ज सीफर्ट यांनी मोंटानाला पुन्हा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ठरवण्याची तयारी दाखवली. मोंटानानेच जायचे ठरवले. कॅन्सस सिटी चीफ्सने ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतला, आपला पहिल्या फेरीतला १८ वा क्रमांक दिला आणि त्या बदल्यात मोंटानासोबत बचावपटू डेव्हिड व्हिटमोर व पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतला क्रमांक घेतला. छत्तीस वर्षांच्या, दोन वर्षांत जेमतेम अर्धा सामना खेळलेल्या माणसासाठी पहिल्या फेरीतला क्रमांक मिळणे ही चांगलीच किंमत होती. पण हा व्यवहार शहाणपणाचा ठरण्याचे कारण ती किंमत नसून यंग हे होते.

उलट बाजू मिनेसोटा व्हायकिंग्जची. ऑक्टोबर २००५ मध्ये डॉन्टे कल्पेपरच्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध फाटले आणि मार्च २००६ मध्ये त्याला मायामी डॉल्फिन्सकडे पाठवून संघाने दुसऱ्या फेरीतला क्रमांक मिळवला. विक्री म्हणून हा सौदा उत्तम होता, कारण मायामीसाठी कल्पेपर त्या मोसमात चारच सामने खेळू शकला. मात्र व्हायकिंग्जच्या बाकावर ब्रॅड जॉन्सन होता, ज्याला २००६ च्या मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात अडतीस वर्षे पूर्ण झाली, आणि संघाने सोळापैकी सहाच सामने जिंकले. तेव्हा पहिला प्रश्न असा लिहून ठेवावा: उद्या हा गेला, तर पुढची तीन वर्षे चेंडू कोणाच्या हातात असेल? उत्तरात नाव येत नसेल आणि ड्राफ्टच्या वरच्या क्रमांकाचीही शाश्वती नसेल, तर मिळणारी किंमत कितीही गोड वाटली तरी थांबावे.

यानंतर करार काढावा. इथे बहुतेक चर्चा अडखळतात, कारण सॅलरी कॅपचे (खेळाडूंवरच्या खर्चाची प्रत्येक संघाला घालून दिलेली वार्षिक मर्यादा) गणित रोजच्या व्यवहारासारखे चालत नाही. (मोंटानाच्या वेळी ही अडचणच नव्हती, कॅप १९९४ पासून आला.) समजा, एका क्वार्टरबॅकला पाच वर्षांच्या करारावर ५ कोटी डॉलरचा साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) दिला. पैसे त्याला लवकर मिळतात, पण कॅपच्या हिशोबात ते दरवर्षी १ कोटी असे पाच वर्षांवर पसरवले जातात. दोन वर्षांनी त्याला ट्रेड केले, तर उरलेले ३ कोटी नव्या संघाकडे जात नाहीत. ते जुन्याच संघाच्या त्याच वर्षीच्या कॅपवर एकदम येऊन आदळतात. यालाच डेड मनी म्हणतात: खेळाडू गेला, पण त्याची जागा कॅपमध्ये अडलेलीच. ट्रेड १ जूननंतर झाला, तर चालू वर्षाचा १ कोटी त्या वर्षी आणि उरलेले २ कोटी पुढच्या वर्षी धरले जातात. परंतु एप्रिलमधला ड्राफ्ट तोवर उरकलेला असल्याने मोबदल्यात मिळणारे क्रमांक पुढच्या वर्षाचेच असतात. ग्रीन बे पॅकर्सने २०२३ मध्ये आरन रॉजर्सला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले, तेव्हा त्याच्या नावावर सुमारे ४ कोटी डॉलरचा डेड मनी सोसला. डेन्व्हर ब्रॉन्कोजने रसेल विल्सनला २०२४ मध्ये सोडले, तेव्हा हा बोजा दोन वर्षांत मिळून ८.५ कोटींच्या घरात गेला. २०२५ चा संपूर्ण कॅप २७.९२ कोटी डॉलर होता, हे शेजारी मांडले की आकड्यांचा भार लक्षात येतो.

करारातील आणखी दोन कलमे डोळ्यांत तेल घालून वाचावीत. एक म्हणजे ठरावीक तारखेला पक्की होणारी रक्कम. पेटन मॅनिंग मानेच्या दुखण्यामुळे २०११ चा पूर्ण मोसम खेळला नाही, इंडियानापोलिस कोल्ट्सने सोळापैकी दोनच सामने जिंकले आणि ड्राफ्टचा पहिला क्रमांक त्यांच्या हाती आला. मॅनिंगचा २.८ कोटी डॉलरचा बोनस ८ मार्च २०१२ रोजी देय होता, आणि ट्रेडची मुभा देणारे लीगचे नवे वर्ष उघडणार होते १३ मार्चला. म्हणजे ट्रेड करायचा, तर आधी २.८ कोटी मोजायचे आणि मग मानेवर शस्त्रक्रिया झालेल्या छत्तिशीला टेकलेल्या खेळाडूला गिऱ्हाईक शोधायचे. कोल्ट्सने ७ मार्चला त्याला मोकळे केले. ज्यांनी तेव्हा ‘फुकट का सोडला’ असा ओरडा केला, त्यांनी या दोन तारखा पाहिल्या नव्हत्या.

दुसरे कलम ट्रेडला नकार देण्याच्या हक्काचे. डेरेक कार हा दुखापतग्रस्त नव्हता, पण त्याचे प्रकरण शिकण्यासारखे आहे: दुखापत झाल्यास पुढची रक्कम पक्की होईल, या धास्तीने लास व्हेगास रेडर्सने २०२२ च्या मोसमातील शेवटच्या दोन सामन्यांत त्याला बाहेर ठेवले. ट्रेड नाकारण्याचा हक्क त्याच्याकडे होता, त्याने मान्यता दिली नाही, आणि १५ फेब्रुवारी २०२३ रोजी सुमारे ४ कोटी डॉलर पक्के होण्याच्या आदल्या दिवशी संघाला त्याला सोडावे लागले. मुरलेल्या क्वार्टरबॅकच्या करारात असे कलम असेल, तर खरा विक्रेता संघ नसून खेळाडू असतो.

आता दुखापत. कोणता अवयव, फेकण्याचा हात की दुसरा, आणि बरे होण्याचा काळ ठरलेला आहे की नाही, एवढे तीन प्रश्न पुरतात. गुडघ्याचा अस्थिबंध किंवा टाचेमागचे अकिलीस टेंडन फाटल्यास परतीचा अंदाज महिन्यांत बांधता येतो. मानेतील मज्जातंतू किंवा वारंवार डोक्याला बसलेला मार असेल, तर तसा अंदाज कोणीच देऊ शकत नाही, आणि त्यामुळे गिऱ्हाईकही मिळत नाही. संघाचे अधिकारी पत्रकार परिषदेत जे सांगतात त्यावर विसंबू नये; विकणारा आपले दही आंबट आहे असे कधी म्हणत नाही. घेणारा संघ स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासणी करतो आणि त्यात खेळाडू उत्तीर्ण न झाल्यास ट्रेड रद्द होऊ शकतो. अर्थात डॉक्टरही चुकतात. ज्या २००६ मध्ये मायामीने कल्पेपरला घेतले, त्याच वेळी खांदा फाटलेला ड्रू ब्रीझ मोकळा खेळाडू म्हणून उपलब्ध होता. मायामीला त्याच्या खांद्याची खात्री वाटली नाही. तो न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल जिंकला.

किमतीबाबत आपल्याकडच्या वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, तेव्हा पुण्यात बांगलादेशाविरुद्ध दुखावलेला त्याचा घोटा बरा व्हायचा होता आणि तो व्यवहार पैशांत झाला. एनएफएलमध्ये चलन असते ते ड्राफ्टच्या क्रमांकांचे. १९९० च्या दशकात डॅलस काउबॉइजकडून प्रचारात आलेल्या जुन्या तक्त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, १८ व्याला ९०० आणि ५१ व्याला ३९० गुण आहेत. मोंटानासाठी आलेला क्रमांक १८ वा होता आणि कल्पेपरसाठी आलेला ५१ वा. हल्लीचे विश्लेषक हा तक्ता जसाच्या तसा मानत नाहीत, पण दोन प्रस्तावांची ढोबळ तुलना करायला तो अजून उपयोगी पडतो.

दुखापतीची शंका असेल तेव्हा अटीचा क्रमांक मागावा लागतो किंवा द्यावा लागतो. रॉजर्सच्या ट्रेडमध्ये २०२४ चा दुसऱ्या फेरीतला क्रमांक ठरला होता. त्याने जेट्सचे ६५ टक्के स्नॅप (चढाईच्या खेपा) खेळले, तर तो पहिल्या फेरीचा होणार होता. ११ सप्टेंबर २०२३ रोजी तो हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत मैदानात आला आणि चौथ्याच स्नॅपला बफेलो बिल्सच्या लिओनार्ड फ्लॉइडने त्याला खाली आणले. तो उठला, बाकाकडे पाहिले आणि पुन्हा मैदानावर बसला. अकिलीस टेंडन फाटले होते. पॅकर्सना दुसऱ्या फेरीवरच समाधान मानावे लागले. विकणाऱ्या बाजूने पाहता, अशा वेळी हमखास मिळणाऱ्या क्रमांकावरच हिशोब मांडावा आणि अटीवर मिळणारा वरकड समजावा.

वेळेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. २०२४ पासून मोसमातील ट्रेडची मुदत नवव्या आठवड्यानंतर संपते, त्याआधी ती आठव्यानंतर संपत असे. पण जायबंदी क्वार्टरबॅक मोसमाच्या मध्यात सहसा कोणी घेत नाही, कारण तो खेळू शकत नाही आणि नव्या संघाची पद्धत शिकायला त्याला वेळही नसतो. मार्चच्या मध्यापासून ड्राफ्टपर्यंतचे सहा आठवडे हाच खरा बाजार.

सगळे तपासून झाले की ठेवणे, ट्रेड करणे आणि सोडून देणे या तीन वाटांपुढे कागदावर डेड मनी, अपेक्षित मोबदला आणि पुढचा क्वार्टरबॅक एवढेच मांडावे. निर्णयाचा ताळा पाहताना मात्र एका सामन्याला भुलू नये. सप्टेंबर १९९४ मध्ये चीफ्सच्या मोंटानाने आपल्याच जुन्या संघाला २४-१७ असे हरवले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत अनेकांना आपण फसलो असे वाटले असेल. त्याच मोसमाअखेर, जानेवारी १९९५ मध्ये, यंगने सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास फेकून सॅन डिएगो चार्जर्सला ४९-२६ असे हरवले, आणि एप्रिलमध्ये मोंटाना निवृत्त झाला.